गाव जाळायचा तास

माय, आज तुला एक गोष्ट विचारायची आहे. तू असतीस तरी ती मला सरळ विचारता आली नसती, कारण आधी कॉम्प्युटर म्हणजे काय ते तुला सांगावं लागलं असतं. सांगता सांगता माझा आवाज चढला असता, हात वर गेला असता, आणि तू चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली असतीस, "आठे सभा नही शे, हळू बोल." मी हळू बोलायला कधी शिकले नाही. धुळ्यात आता माझी तेवढीच ओळख आहे. दारूच्या दुकानांवर बोलले, हुंड्यावर बोलले, कॉपी करून पास होणाऱ्या पोरांवर आणि त्यांना चिठ्ठ्या पुरवणाऱ्या बापांवर बोलले. साक्री, पिंपळनेर, दोंडाईचा, जिथे व्याख्यानमाला असेल तिथे एस.टी.नं जाऊन बोलले. लोक म्हणतात, बाईंना शंका म्हणून कधी येत नाही. खरंच येत नसे. हल्ली मात्र आली आहे, जायचं नाव घेत नाही, आणि ती आली आहे लहान मुलांच्या एका खेळावरून. हसू नकोस.

तुझी पणती आता सात वर्षांची आहे. तिची आई, म्हणजे माझी मुलगी, जळगावला नोकरी करते आणि शनिवारी येते, म्हणून पोर माझ्याकडे असते आणि देवपुरातल्या एका शाळेत दुसरीला जाते. घरात ती बोलते. शाळेत बोलत नाही. बोलत नाही म्हणजे हजेरीला 'उपस्थित' म्हणायचं तेही शेजारची मुलगी म्हणते. बाईंनी समजावलं, रागावून पाहिलं, चॉकलेट दिलं. मी, जिच्या बोलण्याला हजार माणसं येऊन बसतात, पोरीसमोर पाटावर बसून म्हटलं, "बाळा, एक शब्द म्हणून बघ वर्गात, एकच," तर ती म्हणाली, "आजी, तू म्हण ना, तुला आवडतं."

या शाळेनं यंदा कॉम्प्युटर आणले. एका खोलीला पडदे लावले, दाराशी चपला काढायची पाटी लावली, आणि दुसरी ते चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक तास द्यायचा ठरवला. एका यंत्रासमोर दोन मुलं. चित्रं काढून झाली, अक्षरं दाबून झाली, आणि मग कॉम्प्युटरच्या सरांनी त्यांना एक खेळ लावून दिला. पडद्यावर वरून पाहिल्यासारखं गाव दिसतं, घारीला दिसावं तसं. मुठीएवढी माणसं असतात. त्यांना सांगायचं, तू लाकूड तोड, तू पेरणी कर, तू दगड फोड. धान्य साठलं की घर बांधता येतं, घरं झाली की माणसं वाढतात. इथवर तुलाही आवडलं असतं. मग लांब कुठेतरी दुसरं एक गाव असतं. ते आपल्यावर चाल करून येतं किंवा आपण त्याच्यावर जायचं. मशाली घेतलेली माणसं पाठवायची आणि त्या गावाची घरं पेटवायची. शेवटचं घर पडलं की तुतारी वाजते. मुलांनी त्या तासाला नाव ठेवलं आहे, गाव जाळायचा तास. मधल्या सुट्टीत एकमेकांना विचारतात, "आज आपला गाव जाळायचा तास आहे ना रे?"

हे कुणाच्या तरी आईच्या नजरेस पडणारच होतं. पडलं ते एका मुलाच्या आईच्या. तिसरीतला मुलगा आहे, आणि दोन वर्गांची एकत्र बसण्याची सोय अशी लागली की तो नेमका आपल्या पोरीच्या यंत्रावर बसतो. या लोकांचं दुसऱ्या एका गावात कापडाचं दुकान होतं आणि दंगलीत ते जळलं. कुठलं गाव, कुणी जाळलं, कोण कुणाच्या बाजूचं, ते मी इथे लिहीत नाही. माणसाचं घर जळलं एवढं ऐकल्यावर तू पुढचं कधी विचारत नव्हतीस. ती बाई धुळ्याला भावाच्या आश्रयानं आली, आता शिलाई करते. एक दिवस मुलाला न्यायला लवकर आली, पडद्याच्या फटीतून आत पाहिलं, तर तिचा मुलगा खुर्चीत गुडघ्यांवर उभा राहून हसत होता आणि ओरडत होता, "त्याला पण पेटव, मागचं राहिलं, मागचं राहिलं!" ती मुख्याध्यापिकेकडे गेली आणि एवढंच म्हणाली, "मी माझ्या मुलाला हे विसरायला इथे आणलं."

मग पालकांत दोन तट पडले. एक म्हणे, जग कुठे चाललंय, पोरं कॉम्प्युटर शिकली नाहीत तर कापसाच्या जिनिंगवर पोती उचलतील. दुसरा म्हणे, जाळपोळ शिकवायला फी भरतो का आम्ही? मुख्याध्यापिका माझ्याकडे आल्या. चहा घेतला आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही एकदा येऊन बघा. लहान मुलांना हा खेळ चालेल की नाही, ते तुम्ही पालकसभेत सांगा. चालेल म्हणालात तर चालू. नाही म्हणालात तर खोलीला त्या तासापुरतं कुलूप."

मी म्हटलं, "अहो, माझी नात आहे तिथे. लोक बोलतील."

"म्हणून तर तुम्ही," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरच्यांनाही सोडत नाही हे अख्ख्या धुळ्याला माहीत आहे. तुमच्या जावईबापूंचा सत्कार होता त्या दिवशी तुम्ही सत्कारांवरच बोललात."

त्या गेल्या आणि मी लगेच भाषण जुळवायला बसले. खेळ पाहिलेला नव्हता. पाहायची गरजही वाटली नाही. कोवळ्या हातात मशाल, पडद्यावरचा धूर आणि उद्याच्या गल्लीतला धूर, असली वाक्यं माझ्याकडे आपोआप चालत येतात. अर्ध्या तासात सभा जिंकता येईल एवढं झालं. आणि मग, का कोण जाणे, मला तू आठवलीस, खापरापाशी बसलेली.

आखाजीच्या, इथे जिला अक्षय्य तृतीया म्हणतात तिच्या, आदल्या दिवसाचं आपलं स्वयंपाकघर. खापर तापलेलं आहे, तू पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर फिरवून फिरवून मोठा करते आहेस, कोपरापर्यंत पीठ. आमरसाची पातेली झाकलेली. दुसऱ्या दिवशी गौराई बोळवायला साऱ्या पोरी बोरी नदीच्या काठावर जाणार, पलीकडच्या काठावर पलीकडच्या गावच्या पोरी येणार, आणि मधल्या वाळूवरून दोन्हीकडून शिव्यांची लढाई होणार. आज मी शहरात हे सांगते तेव्हा लोकांना खरं वाटत नाही. वर्षातला एक दिवस. त्या दिवशी पोरींनी पलीकडच्या गावाला, त्यांच्या नाकाडोळ्यांना, त्यांच्या विहिरीला, त्यांच्या नवऱ्यांना वाटेल ते बोलावं, यमक जुळवून बोलावं, ज्यांचं उत्तर संपलं ते हरले. "तुमना गावले पानी नही, तोंड धुवाले आमना काठवर येतस!" असं कुणीतरी सुरू करायचं, आणि मग संध्याकाळपर्यंत नदी दणाणायची. पुढे पुढे खडेही यायचे. मी सात वर्षांची होते, आणि मला जायचं होतं. माझ्या बरोबरीच्या काही जात होत्या. त्यांच्या आया विचारतच नव्हत्या. तू मात्र म्हणालीस, "बस आठे," आणि मांडा खापरावर टाकून माझ्याकडे पाहिलंस, जणू मी कुणी परक्या गावची. मग सुरू केलंस.

"तुना नाक देख, खापरवर भाजेल वांगं!" मी हसले. "तुना केस देख, तुरन्या काड्या!" तरी हसले. मग तू आवाज खाली आणलास आणि म्हणालीस, "तू बापनी लाडकी नहीच. म्हनीसन त्यानी तुले शाळामा टाकं, घरमा तोंड दिसाले नको." मी रडायला लागले. तू पदरानं माझं तोंड पुसलंस, गरम मांड्याचा तुकडा हातात दिलास आणि म्हणालीस, "औंदा नही. पुढला साल देखसूत." पुढच्या वर्षी मी रडले नाही, तुझ्या अंगावर धावून गेले. तेव्हाही तू तेच म्हणालीस. तिसऱ्या वर्षी तू बोलत होतीस आणि मी मध्येच ओरडले, "तोंड चालस तितला हात चालत नही तुना, मांडा जळी गया!" मांडा खरंच जळला होता. तू इतकी हसलीस की चिमटा हातातून पडला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरून मला तूच नदीवर घेऊन गेलीस. ती वडिलांची गोष्ट खरी होती का, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं अजूनही वाटतं.

तर माय, तू खेळ कधी तपासला नाहीस. खेळ तोच होता, दर वर्षी तोच. तू मला तपासलंस. हे मला इतक्या वर्षांनी एकदम दिसलं आणि माझं जुळवलेलं भाषण तिथेच अडलं. मी कपाटातली पुस्तकंही काढून पाहिली. बालमनावर लिहिणाऱ्या एकानं म्हटलंय, मूल जे खेळतं तेच होतं. दुसऱ्यानं म्हटलंय, मूल जे खेळतं त्यातून ते सुटतं. दोघांचीही वाक्यं उत्तम. दोघांवरही मी टाळ्या घेऊ शकते. तेव्हा ठरवलं, उठावं आणि जाऊन बघावं.

दाराशी चपला काढल्या आणि आत शिरले, तर पहिली गोष्ट मला ऐकू आली ती म्हणजे आपल्या पोरीचा आवाज. मी ओळखलाच नाही. "अरे, आधी धान्य! लाकूड नंतर! तुला किती वेळा सांगू, माणसं उपाशी आहेत!" ती त्या मुलाला दटावत होती. शाळेत. मोठ्यानं. मागच्या यंत्रावरची पोरं तिला विचारत होती, "ए, आमचं तळं कुठे करू?" आणि ती खुर्चीवरून वळून, बोट दाखवून, सांगत होती. मी भिंतीला टेकून उभी राहिले. कॉम्प्युटरचे सर, चोविशी-पंचविशीचा सडसडीत तरुण, माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, "इथे तीच सरपंच आहे, ताई."

मग मी खेळायला बसले. नुसतं बघून निकाल द्यायचा नाही असं मनाशी ठरवलं होतं. पोरीनं माझा हात त्या उंदरावर ठेवून दिला, त्या यंत्राच्या तुकड्याला ती उंदीरच म्हणते. मी माझं गाव वसवलं. खरं सांगते, छान वसवलं. झाडं तोडायची नाहीत असा नियम केला. घरं एकमेकांपासून लांब बांधली, म्हणजे हवा खेळती राहील. मधोमध मोठी मोकळी जागा ठेवली, सभेला. शिपाई एकही केला नाही. पोरगी म्हणत होती, "आजी, कुंपण तरी घाल." मी म्हटलं, "आपण कुणाचं काही घेतलेलं नाही, आपल्यावर कुणी कशाला येईल?" आणि शेजारच्या यंत्रावरून तिसरीच्या दोन पोरांनी माझ्यावर मशाली पाठवल्या. एक घर पेटलं, दुसरं पेटलं. माझी मुठीएवढी माणसं इकडून तिकडे पळत होती आणि मी उंदीर दाबत होते, दाबत होते, काही होत नव्हतं. ती पोरं खिदळत होती. "आजींचं गाव गेलं! आजींचं गाव गेलं!" माय, मी खुर्ची मागे ढकलून उभी राहिले आणि ओरडले. सभेतला आवाज लागला. "बंद करा हे! बंद करा म्हणते ना!" पोरांचे हात बटणांवरून उठले. एका मुलीला रडू फुटलं. माझा हात वर गेलेला होता, कुणाला तरी मारायला गेल्यासारखा, आणि तो मला खाली घेता येईना. पन्नाशी उलटलेली बाई, आणि तुझ्या खापरापाशी बसवली असतीस तर यंदाही नदीवर सोडली नसतीस.

तेव्हा तो मुलगा, ज्याचं दुकान जळलं तो, माझ्या कोपराशी आला. समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजी, रागावू नका. परत सुरू करायचं. गाव परत येतं." माझा हात अजून वरच होता. तो पुन्हा म्हणाला, "हे आमच्या दुकानासारखं नाही. हे येतं परत." आणि वाकून त्यानं कुठलंसं बटण दाबलं. खरंच हिरवं माळरान परत आलं.

आता यावर काय म्हणायचं? त्या मुलाला खरं आणि खोटं यांतला फरक माझ्यापेक्षा जास्त कळतो, असं म्हणायचं का? मग तो घरं पेटवताना गुडघ्यांवर उभा राहून हसतो ते काय असतं? आपल्या पोरीला इथे तोंड फुटलं, हे चांगलंच झालं. पण ते फुटलं कशाच्या बळावर? तिला मी घरी विचारलं, "दुसऱ्यांचं गाव जाळताना तुला काय वाटतं गं?" ती म्हणाली, "काही नाही. तिथे कुणी राहत नाही. नुसती माणसं असतात." हे वाक्य मी तेव्हापासून चघळते आहे. तिनं हेही सांगितलं की त्या खेळात शेजारच्या गावाला धान्य पाठवायची सोय आहे. मी आनंदानं विचारलं, "मग पाठवतेस का?" "एकदा पाठवलं. त्यांनी खाल्लं आणि मग आले जाळायला." आणि त्यावर ती हसली. तुझ्या कसोटीला ही पोर उतरली, माय. माझं मन मात्र तिथून पुढे हलत नाही.

अमळनेरच्या बाजारातला तो दिवस आठवतो. आखाजी होऊन पंधरा दिवस झाले असतील. आपण लसणाच्या ढिगापाशी बसलो होतो आणि पलीकडच्या गावची एक पोर तिच्या आईबरोबर आली, तीच, जिनं नदीवर मला हरवलं होतं. मी उठून तिला नदीवरचं एक यमक ऐकवलं, मोठ्यानं, सगळ्या बाजारासमोर. तू माझ्या थोबाडीत दिलीस. पहिली आणि शेवटची. "नदीवरलं नदीवर," म्हणालीस, "आठे ती कोनी तरी आंडेर शे." आणि त्या कुणाच्या तरी लेकीला तुझ्या पिशवीतली काकडी दिलीस. मला तेव्हा अन्याय वाटला, कारण शब्द तर तेच होते. आज मला नदी शोधावीशी वाटते आहे. या खेळाचा काठ कुठे आहे? घंटा झाली की पोरं खुर्चीवरून उठतात, पण डब्याच्या वेळी मी माझ्या कानांनी ऐकलं, एकानं दुसऱ्याला लोणचं दिलं नाही म्हणून दुसरा म्हणाला, "थांब, तुझं गाव जाळतो." तो हसत म्हणाला की रागानं, ते मला लांबून कळलं नाही. तुला कळलं असतं. तू दहा पावलांवरून सांगायचीस कुठली पोर खेळातलं रडते आहे आणि कुठली खरं.

आणि आणखी एक आहे, ज्याच्याभोवती मी घुटमळते आहे. नदीवरच्या शिव्या मीच बंद केल्या. एका वर्षी खड्यानं एका पोरीचं डोकं फुटलं, टाके पडले, आणि मी धुळ्याहून येऊन चावडीसमोर बोलले. ते भाषण आजही मला पाठ आहे आणि आजही त्याच्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. फुटलेलं डोकं मी पाहिलं होतं. दोन्ही गावच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या आणि पुढच्या आखाजीला गौराई मुकाट्यानं पाण्यात गेली. तू मागे बायांत बसली होतीस. घरी जाताना विचारलंस, "आते पोरी कोठे बोलतीन?" मी म्हटलं, "शाळेत बोलतील, माय. सभेत बोलतील. मी नाही का बोलत?" तू थोडं चालून विचारलंस, "बठ्ठ्याच?" सगळ्याच का, एवढंच. मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही. मला वाटलं, तुला प्रश्नच कळला नाही.

सभेच्या आदल्या दिवशी ती मुलाची आई माझ्याकडे आली. हातात शिवायला घेतलेल्या झंपरांचं गाठोडं, आत या म्हटलं तरी उंबऱ्याशीच टेकली. म्हणाली, "ताई, तुम्ही उद्या बंद करा म्हणाल ना?" मी तिला मुलाचं वाक्य सांगितलं, गाव परत येतं, दुकान येत नाही, ते. मला वाटलं तिला हलकं वाटेल. तिचा चेहरा एकदम उतरला. "दुकान म्हणाला? त्याच्या तोंडून?" तिनं विचारलं. "आम्ही आल्यापासून घरात तो शब्द काढलेला नाही त्यानं. मी काढला की उठून जातो. तुम्हाला सांगितलं त्यानं?" मी हो म्हटलं. ती गाठोड्याची गाठ सोडत आणि बांधत बसली. "मग माझ्याशी का नाही बोलत?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली जणू मला हे ठाऊकच असणार. मी तिला पाणी आणून दिलं. शेवटी ती उठली. "म्हणजे तो तास बंद केला तर तिथलंही बोलणं जाईल," म्हणाली, "आणि चालू ठेवला तर मी दर मंगळवारी-शुक्रवारी घरी बसून काय कापू आणि काय शिवू?"

दुसऱ्या दिवशी सभेत मी उभी राहिले. हॉल भरलेला, पंखे घरघरत होते, पुढच्या रांगेतले बाप माझ्याकडे असे बघत होते की बाई आता फोडणार. माझ्याकडे दोन्ही बाजूंची भाषणं तयार होती आणि दोन्ही उत्तम होती, हेच मला भयंकर वाटलं. माझ्या तोंडून आलं ते एवढंच: निकाल द्यायच्या आधी या ताईंनी एक तास आपल्या मुलाशेजारी बसावं. आपल्यापैकी कुणीही आत जायचं नाही, मीही नाही. मागून एक जण म्हणाला, "एवढंच? आम्ही सुट्टी काढून आलोय!" आणि लोक हसले. मला सभेत हसलेलं चालत नाही. त्या दिवशी चालवून घेतलं.

काल शुक्रवार होता. आपल्या पोरीला दुसऱ्या यंत्रावर बसवलं आणि तिच्या जागी ती बाई बसली. मी बाहेर व्हरांड्यात उभी होते. पडद्याच्या फटीतून तिची पाठ दिसत होती आणि मुलाचा कोपर. बराच वेळ ती दोन्ही हात मांडीत धरून बसली. मग मुलानं तिचा हात उचलून उंदरावर ठेवला, जसा आपल्या पोरीनं माझा ठेवला होता. पडद्यावर काय चाललं होतं ते मला दिसत नव्हतं. हिरवं होतं की लाल, तेवढंही नाही. एकदा तो मुलगा तिच्या कानाशी तोंड नेऊन खूप वेळ काहीतरी सांगत होता. तिची पाठ हलत होती. रडत होती की हसत होती, मला सांगता येईना. घंटा झाली. मुलं चपला शोधत बाहेर पडली. ती दोघं उठली नाहीत. मुख्याध्यापिका माझ्याशेजारी येऊन म्हणाल्या, "ताई, मग काय कळवू पालकांना? चालू की बंद?" मी म्हटलं, "अजून त्या बसल्या आहेत."

हे पत्र मी कुठे पाठवणार? तुला अक्षर येत नव्हतं. कुणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं आणि ते काम घरात नेहमी माझ्याकडेच असायचं. आजवर मी जे लिहिलं ते मोठ्यानं वाचण्यासाठीच लिहिलं, आणि हे कुणासमोर वाचायचं नाही एवढं मात्र मला पक्कं कळतं. फक्त एक सांगून टाकते. त्या व्हरांड्यात उभी असताना मला वाटत होतं, ही बाई लवकर उठू नये. तिच्यासाठी नाही, तिच्या मुलासाठीही नाही. ती उठली असती तर सगळे माझ्याकडे वळले असते, आणि मला बोलावं लागलं असतं.